बर्फ ऐकणारे चाचा

आमच्या चाचांची एक तक्रार कायमची होती. "सिस्टरबाई, तीस वर्सं माझी घंटी वाजली की पोरं आईच्या हाताला हिसडा मारून माझ्याकडं पळत यायची. आन् आता तीच घंटी वाजली की आईच्या पदरात शिरत्यात. म्हातारपनी ह्ये बघायची पाळी आली." एवढं बोलून ते माझ्याकडे असं बघायचे, जणू सुईचा शोध मीच लावला असावा.

चाचा पूर्वी काडीवरचं रंगीत गारेगार विकायचे. मूळचे शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईचे. सायकलच्या मागे लाकडी पेटी, हँडलला पितळी घंटी आणि रोज पाच-सहा गावं. लग्नानंतर बायकोच्या माहेराजवळ, दौंड तालुक्यात राहूच्या बाजूला येऊन राहिले आणि तिथंही तेच केलं. पुढे दुकानोदुकानी फ्रीज आले आणि धंदा बसला. त्याच सुमारास आमच्या आरोग्य केंद्राला एक माणूस हवा होता. लहान मुलांच्या लसी केंद्रावरच्या फ्रीजमध्ये राहतात. वस्तीवर न्यायच्या तर एका जाड निळ्या डब्यात, चारही बाजूंना गोठलेल्या पाण्याच्या चपट्या प्लास्टिकच्या वड्या लावून न्यायच्या. त्यांना आम्ही आइसपॅक म्हणतो. तो डबा वेळेवर पोचवायचा आणि संध्याकाळी उरलेली लस परत आणायची, एवढंच काम. डॉक्टरांनी विचारलं, "चाचा, बर्फाचं काही कळतं का?" चाचा म्हणाले, "डाक्टरसाहेब, बर्फाबिगर दुसरं कायबी कळत न्हाई." मुलाखत तिथंच संपली.

मी तिथं नर्स म्हणून लागले तेव्हा तेवीस वर्षांची होते. कोर्स नुकताच झालेला, पुस्तकं तोंडपाठ, आणि राग नाकाच्या शेंड्यावर. पहिल्याच गुरुवारी सकाळी बघते तर हा साठीतला माणूस टेबलावर आइसपॅक मांडून त्यांच्यासमोर स्टुलावर बसलेला. हलत नाही, बोलत नाही. मी म्हटलं, "चाचा, भरा की डबा. उशीर होतोय."

"घाम येऊ द्या त्यांस्नी."

थोड्या वेळानं वड्यांवर खरंच घामासारखं पाणी सुटलं. मग त्यांनी एकेक वडी उचलली, कानाशी धरली, हलवली आणि डोळे मिटून ऐकलं. "ह्यो बोलला." दुसरी. "ह्योबी बोलला." तिसरी परत खाली ठेवली. "ह्यो अजून गप हाय." चौघे बोलल्याशिवाय त्यांनी डबा भरला नाही.

मी हसले होते, हे कबूल करते. पण पुस्तकात हेच लिहिलं होतं. आमच्याकडे 'पेंटा' नावाची लस असते, पाच रोगांवर मिळून एक. उन्हानं ती बिघडते हे सगळ्यांना माहीत असतं. पण ती गोठली तरी तितकीच वाया जाते, हे नेमकं विसरलं जातं. म्हणून फ्रीझरमधली वडी तशीच डब्यात लावायची नाही, आत थोडं पाणी सुटून ते खळखळलं की मगच लावायची. मी हे परीक्षेत दोन मार्कांना लिहून आले होते. चाचा ते कानानं ओळखायचे.

"सिस्टरबाई, डब्यात बाळंतीण बसलीया असं समजायचं," ते सांगायचे. "ऊनबी लागता कामा नये आन् गारठाबी."

आणि ते नुसतं म्हणून थांबत नसत. चाचींनी त्या डब्याच्या मापाची एक छोटी गोधडी शिवली होती, लाल काठाची. ती डब्याला गुंडाळून, मोपेडच्या मागे ओढणीनं बांधून, सायकलचीच पितळी घंटी वाजवत त्यांची स्वारी निघायची. एकदा दौंडच्या चौकात एका पोलिसानं शिट्टी मारून अडवलं. "अहो आजोबा, बाळाला असं बांधून नेतात का? आई कुठंय त्याची?" चाचांनी गोधडी सोडून दाखवली. पोलीस ओशाळला. पण चाचा कसले गप्प बसतात! त्यांनी त्यालाच विचारलं, "साहेब, तुमची लेकरं किती? गोवराची लस झाली का दुसरी?" झाली नव्हती. पोलिसाची बायको पुढच्याच आठवड्यात जवळच्या दवाखान्यात मुलाला घेऊन गेली, आणि हे खरं की खोटं याची खातरजमा करायला चाचा स्वतः त्या चौकात पुन्हा जाऊन आले.

घरोघरी जाऊन आयांना तयार करणं हे काम माझं आणि गावोगावच्या आशाताईंचं. चाचांचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. पण भरलेली बाटली न उघडता परत न्यायची म्हणजे त्यांना जेवण जात नसे. एखाद्या दारात आई बाळाला घेऊन नुसती उभी राहिली, 'बघू पुढच्या वेळी' म्हणू लागली, की हे माझ्यामागून डोकावायचे.

"तू आरगड्यांच्या मागच्या आळीतली न्हवं? हिरवं गारेगार खायचीस."

बाई चमकायची.

"हिरवंच पायजे म्हनून रडायचीस. एकदा हिरवं संपलं तवा मी राहूपर्यंत माघारी जाऊन आनलं व्हतं तुझ्यापायी. आनलं व्हतं का न्हाई? मंग आता एवढा डबा घेऊन आलोय, तर मला तसाच माघारी पाठवतीस व्हय?"

आमच्या भागातल्या अर्ध्याअधिक आयांचा रंग त्यांना पाठ होता. लाल, हिरवं, नारिंगी, आणि एक दूधवाली, जिचा बाप सोसायटीचा चेअरमन होता. मी दहा मिनिटं रोगांची नावं घेऊन जे होत नसे, ते त्यांच्या एका रंगानं होऊन जाई. मला याचा भयंकर राग यायचा. मी सरकारी कोर्स केलेली आणि हे गारेगार विकणारे.

लोकांना वाटायचं, या माणसाचं लहानपणी कुणीतरी गेलं असणार, भाऊ नाहीतर बहीण, म्हणून हे वेड लागलंय. मलाही तसंच वाटायचं. एकदा हळू आवाजात, गंभीर चेहरा करून मी विचारलंच. "न्हाई बा. सात भावंडं, सातीच्या साती धडधाकट. मला ह्ये काम आवडतं, म्हनून करतो. त्याला कुनी मरायलाच पायजे व्हय?"

त्यांचा मुलगा कुरकुंभला औषधाच्या कंपनीत शिफ्टमध्ये आहे. त्यानं कितीदा सांगितलं, अब्बा, आता बसा घरी. दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदूमुळे मोपेड सोडावी लागली तेव्हा ते एकदाचे त्याच्याकडे राहायला गेले. पण अजून दर गुरुवारी सकाळी सव्वासातला माझा फोन वाजतो. नमस्कार नाही, तब्येत नाही. "बोलले का चौघं?" मी हो म्हटलं की फोन बंद.

हा प्रश्न ते मलाच का विचारतात, हे सांगायचं तर नदीकाठच्या वस्तीचं सांगावं लागेल. त्यात माझी शोभा नाही, पण सांगते.

नदीच्या अंगाला, उसाच्या मधोमध वीसेक घरांची एक वस्ती आहे, सगळी एकाच भावकीची. बागायत, ट्रॅक्टर, स्लॅबची घरं. कारखान्याची निवडणूक लागली की यांच्या अंगणात गाड्या मावत नाहीत. लसीकरणाच्या भाषणांत गरिबी आणि अडाणीपणा अशी कारणं सांगतात, त्यातलं एकही इथं नव्हतं. तरी वस्तीवरच्या नऊ मुलांना एकही डोस मिळाला नव्हता, कारण भावकीतल्या थोरल्या काकींनी नाही म्हटलं होतं. वस्तीवर त्यांचा शब्द चालायचा.

काकींचंही काही चुकत नव्हतं. माझ्याआधीच्या कुणा बाईनं त्यांच्या नातवाला पहिला डोस दिला आणि ती निघून गेली. पोराला ताप भरला, मांडी सुजली. असं होतं, दोन दिवसांत उतरतं, हे तिनं सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी चौकशीलाही कुणी आलं नाही. पोरगं बरं झालं, आता उसातून माकडासारखं पळतं. पण काकींनी ठरवून टाकलं, की या लोकांवर विश्वास ठेवायचा नाही.

आम्ही पाच महिने जात होतो. काकी चहा द्यायच्या, पाणी द्यायच्या आणि आधीच बजावायच्या, "पिकाचं बोला, पावसाचं बोला. सुईचं न्हाई बोलायचं." इथं चाचांचाही इलाज चालेना. गारेगारनं घसा धरतो म्हणून काकींनी आपल्या एकाही लेकराला ते कधी खाऊ दिलं नव्हतं, आणि त्यांचं बघून वस्तीवर कुणीच देत नसे. सुना चाचांच्या फेरीबाहेरच्या गावांतल्या. अख्ख्या वस्तीला रंगच नव्हता.

काकींच्या धाकट्या सुनेला तीन महिन्यांची मुलगी होती. सून स्वयंपाकघराच्या दारात मुलीला घेऊन उभी राहायची आणि आमचं बोलणं ऐकायची. एकदा मी हात धुवायला मागे गेले तेव्हा घाईघाईनं म्हणाली, "ताई, उशिरा दिली तर चालती का वो?" मी म्हटलं, चालते, पण फार उशीर नको. तिनं मान हलवली आणि आत गेली. त्यानंतर त्या वस्तीवर जाताना मला फक्त तीच मुलगी दिसायची.

मग पलीकडच्या गुऱ्हाळावर एका मजुराच्या मुलीला घटसर्प झाला, पेंटा ज्या पाच रोगांवर असते त्यातलाच एक. घसा आवळला, श्वास लागला, पुण्याला हलवावं लागलं. मुलगी वाचली, पण बातमी वस्तीवर पोचली. घटसर्प हा शब्द काकींना नवीन नव्हता. माहेरी शेजारच्या घरातली दोन लेकरं त्यांनी त्यात जाताना पाहिली होती. पुढच्या वेळी आम्ही गेलो तेव्हा त्यांनी चहा ठेवायच्या आधीच सांगितलं, "येत्या गुरवारी या. सगळी लेकरं बसवते. पन एकदाच. काय कमीजास्त झालं, तर परत हितं पाय ठेवायचा न्हाई."

त्या गुरुवारी मी चाचांच्या आधी केंद्रावर पोचले. मला धीर निघत नव्हता. काकींचं मन पालटायच्या आत पोचायचं, एवढंच डोक्यात. फ्रीझर उघडला, वड्या काढल्या, पांढऱ्या शुभ्र, बोटाला चिकटत होत्या. तशाच डब्यात लावल्या, मधे लस ठेवली, झाकण लावलं आणि डबा माझ्या स्कूटीवर पायाशी घेतला. तेवढ्यात चाचा आले.

"भरला?"

"भरला."

"ऐकलं का?"

मी म्हणाले, "हो, चौघं बोलले."

आयुष्यात मी खोटं बोलले नाही असं नाही. पण त्या माणसाशी बोललेलं ते एकच खोटं मला अजून लागतं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि मोपेडला किक मारली.

काकींच्या पडवीत सतरंजी घातली होती. नऊ आया, नऊ मुलं, आणि दाराशी खुर्चीवर काकी. सून सगळ्यात पुढे बसली होती, मुलीला नवं झबलं घालून. मी डबा उघडला. नेहमीच्या सवयीनं चाचांनी एक वडी उचलून कानाला लावली. हलवली. पुन्हा हलवली. मग दुसरी. त्यांनी पेंटाची बाटली काढून उजेडात धरली. आत पांढरा गोळा झाला होता.

ते माझ्या कानाशी आले. "सिस्टरबाई, ह्ये मेलं."

"वितळेल चाचा थोड्या वेळात," मी कुजबुजले. "देऊन टाकू. आज नाही दिलं तर या पुन्हा कधी बसायच्या नाहीत."

"पोरं रडत्याल. मांड्या सुजत्याल. आन् आत काय जानार? पानी. आपुन सांगायचं, झाली लस, निर्धास्त ऱ्हावा. आन् त्या निर्धास्त ऱ्हात्याल."

"मग तुम्ही सांगा त्यांना. तुमचं ऐकतात सगळे."

"मी भरला असता तर मीच सांगितलं असतं," चाचा म्हणाले. आवाज चढवला नाही की चेहरा वाकडा केला नाही. "तुमी भरलाय. तुमी सांगा. मी हितंच हुबा हाय."

मी सांगितलं. उभी राहून, नऊ आयांसमोर, की सकाळी घाईत मी डबा चुकीचा भरला, लस गोठली, ती आता देता येणार नाही. चूक माझी आहे. चाचांनी विचारलं तेव्हा मी त्यांनाही खोटं सांगितलं. हे शेवटचं सांगायची गरज नव्हती, पण एकदा तोंड उघडल्यावर ते आलंच बाहेर.

एक बाई मुलाला उचलून उठू लागली.

"बस खाली," काकी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "ही दिली असती, तर आमाला कळलं असतं का?"

"नाही कळलं."

"कुनालाच?"

"कुणालाच नाही."

"मंग सांगितलंस कशाला?"

मी चाचांकडे बोट केलं, शाळेतल्या मुलीसारखं. "हे न सांगता राहू देत नाहीत."

काकींनी चाचांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मागल्या बाईनं ताप येतो येवढंबी सांगितलं न्हवतं," त्या स्वतःशीच बोलल्यासारखं बोलल्या. मग विचारलं, "गारेगारवाले, दुसरी आनाया किती येळ?"

"जाऊन येऊन दीड तास. आन् वड्यांचा अर्धा तास येगळा. त्यात घाई न्हाई करनार."

"नका करू. आमी बसतो."

ते दोन तास मी विसरणार नाही. कुणी घरी गेलं नाही. काकींनी सगळ्यांना भाकरी वाढली, मलाही वाढली. मी ताट बाजूला सारलं तेव्हा म्हणाल्या, "खा. उपाशी हातानं सुई देऊ नगं." दुपार चढली, मुलं झोपली, उठली, पुन्हा झोपली. मग उसातून मोपेडचा आवाज आला. चाचा आले ते घामानं न्हाऊन निघालेले होते, आणि डबा मात्र गोधडीत कोरडा.

त्यांनी झाकण काढलं, एक वडी उचलली आणि काकींच्या कानाशी धरून हलवली. काकींनी ऐकलं. "व्हय, वाजतंय," त्या म्हणाल्या आणि सुनेच्या मांडीवरची नात उचलून स्वतः माझ्यासमोर घेऊन बसल्या. त्या दिवशी नऊच्या नऊ मुलांना लस मिळाली. ताप येईल, काय करायचं, कशानं घाबरायचं नाही आणि कधी मात्र लगेच यायचं, हे मी प्रत्येकीला दोनदा सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं चौकशीला गेलो, तर नातीला ताप होता. काकी तिला मांडीवर थोपटत शेजारणीला समजावत होत्या, "येनारच की. बाईनं सांगितलंय न्हवं."

वाया गेलेल्या बाटल्यांबद्दल केंद्रावर मला लेखी उत्तर द्यावं लागलं, मेमो मिळाला. त्याचं मला काही वाटलं नाही. वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. आमच्या भागात बातमी कुठल्या कुठं जाते. पंधरवड्यात पुढच्या मळ्यातल्या वस्तीवर गेलो, तर जिथं कधी अडचण आली नव्हती तिथं अंगणात बायका हाताची घडी घालून उभ्या. "तुमीच त्या खराब लसवाल्या ना?" एकीनं तोंडावर विचारलं. "आमाला न्हाई द्यायची." खरंच तर होतं ते. मला वाटलं, मी खरं बोलले आणि दहा वस्त्या घालवल्या.

चाचा डबा उतरवत होते. तेवढ्यात मागून ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरवर मुलाशेजारी थोरल्या काकी बसलेल्या. त्यांना इथलं कुणी कळवलं होतं की त्यांनीच वेळ हेरली होती, मला आजही माहीत नाही. खाली उतरल्या, पदर सावरला आणि त्या बायकांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"व्हय, आमच्याच पडवीत झालं त्ये. लस गोठल्याली व्हती. मी तितंच बसले व्हते," त्या म्हणाल्या. "ह्या बाईनं उठून सांगितलं, माझी चूक झाली म्हनून. मला सत्तर वर्सं झाली. दवाखान्यातल्या मानसाच्या तोंडून ह्ये मी कवा ऐकलं न्हाई. म्हनून माझी नात हिच्या हाती दिली. ही बाई चुकती. पन सांगती."

अशी प्रशस्ती जगात कुणा नर्सला मिळाली नसेल. अभिमानानं मान वर करावी की शरमेनं खाली घालावी, मला कळेना. चाचांनी मला तोवर कधी चांगलं म्हटलं नव्हतं. खोटं बोलल्याबद्दलही एक शब्द काढला नव्हता. ते डब्यापाशी उकिडवे बसले होते, आणि तिथूनच, मान वर न करता, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"एकदा. काकी, नीट सांगा. एकदाच चुकलीया."

मला रडू आलं. पण हातात सिरिंज होती, आणि हाताची घडी घालून उभ्या असलेल्यांपैकी एकजण पुढे येऊन, बाळाची मांडी उघडी करून माझ्यासमोर बसली होती.